‘पोरीला पन बगा’: मरताना बोललेला शब्द किती टिकतो?

आजचा भाग मी घरातूनच रेकॉर्ड करतेय. पंखा बंद ठेवलाय, पण खाली रस्ता आहे, त्यामुळे मधूनच हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा घरचा आहे. माझे आजोबा १९९८ साली गेले. आमचं गाव म्हणजे नवी मुंबईतलं एक गावठाण, चारही बाजूंनी टॉवर आणि मध्ये आम्ही. आजोबा शेवटचे दोन दिवस बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. मी सहा वर्षांची होते. मला आठवतो तो पितळी तांब्या आणि आजीचा हात, जो त्यांच्या छातीवरून हलतच नव्हता.

त्या रात्री आजोबा जमिनीबद्दल काहीतरी बोलले. खरं तर जमीन तेव्हा राहिलीच नव्हती. ती १९७० नंतरच्या संपादनात गेली होती. राहिला होता तो तिच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचा हक्क. खोलीत माझे बाबा होते, काका होते, आजी होती आणि शेजारचे एक म्हातारे गृहस्थ होते. आत्या नव्हती. तिला निरोप गेला होता, पण ती सासरहून निघेपर्यंत पहाट झाली.

आता ऐका. बाबा सांगतात, आजोबा म्हणाले, ‘पोरीला पन द्या.’ काका सांगतात, ते म्हणाले, ‘पोरीला पन बगा.’

द्या आणि बघा. फरक एका शब्दाचा. ‘द्या’ म्हणजे वाटा. ‘बघा’ म्हणजे सणावाराला बोलवा, साडीचोळी करा, अडीनडीला उभे राहा. शेजारचे गृहस्थ पुढे दोनच वर्षांत गेले. आजी विचारलं की डोळ्याला पदर लावायची आणि विषय तिथंच संपायचा. आमच्या घरात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं या एका शब्दावर उघड भांडण कधी झालं नाही, पण तो शब्द मिटलाही नाही. गौरी-गणपतीत सगळे एका पंगतीला बसतात, आणि तरीही तो शब्द कुठेतरी पानाच्या कडेला मिठासारखा वाढलेला असतो.

म्हणून मी ठरवलं की हे एकदा इतिहासात जाऊन बघायचं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्दाला आपल्याकडे खरंच कधी किंमत होती का? होती तर कधीपर्यंत?

उत्तर सापडलं, आणि ते इतकं जवळ सापडलं की मी दचकलेच. वाशीच्या पुलावर.

झालं असं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र अशी गोष्ट जवळजवळ नव्हतीच. वाटणी होती, दत्तक होतं, दान होतं. पण ‘मी मेल्यावर माझं अमुक तमुकला जावं’ असा कागद करण्याची पद्धत रुजली ती इंग्रजांच्या कोर्टांबरोबर. १८७० साली हिंदू विल्स ॲक्ट आला. १ सप्टेंबर १८७० पासून मृत्युपत्र लेखी हवं, त्यावर सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत, असं ठरलं. पण हा कायदा सगळीकडे लागू नव्हता. बंगालचा प्रांत, मद्रास शहर आणि आपल्याकडे फक्त मुंबई शहर, एवढ्यापुरताच तो होता.

बाकीच्या मुलखाला, म्हणजे तेव्हाच्या भाषेत मोफसिलला, तो लागू नव्हता. त्यात पुणं आलं, सातारा आला, आणि ठाणे व कुलाबा हे जिल्हेही आले. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. आज आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो तो सगळा पट्टा, बेलापूर, पनवेल, उरण, या दोन जिल्ह्यांत मोडायचा.

म्हणजे चित्र डोळ्यांसमोर आणा. खाडीच्या पलीकडे मुंबई शहरात एखादा व्यापारी मरताना नुसतं बोलून गेला, तर कायद्याच्या दृष्टीनं ती हवा. आणि खाडीच्या अलीकडे आपल्या एखाद्या मिठागरवाल्यानं किंवा भातशेती करणाऱ्यानं चार माणसांसमोर स्वतःच्या कमाईबद्दल शेवटची इच्छा सांगितली, तर ते वैध मृत्युपत्र. कागद नको, सही नको.

ही सवलत संपली १ जानेवारी १९२७ ला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि त्या तारखेपासून हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांनी केलेलं मृत्युपत्र बाकीच्या मुलखातही लेखी आणि दोन साक्षीदारांचं असणं सक्तीचं झालं. म्हणजे ३१ डिसेंबर १९२६ च्या रात्री पनवेलमध्ये बोललेला शब्द चालला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोललेला नसता चालला.

पण इथे लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, तेव्हा माणूस मृत्युपत्रानं फक्त स्वतःच्या कमाईची विल्हेवाट लावू शकत होता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला न वाटलेला हिस्सा त्याला असा देता येत नव्हता. ती मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं दिली. आणि दोन, कोर्टं अशा तोंडी शब्दांकडे कायम संशयानंच बघायची. नेमके शब्द काय होते, माणूस शुद्धीत होता का, ऐकणाऱ्यांचा त्यात काय फायदा, हे सगळं पक्कं सिद्ध करावं लागे. आणि साक्षीदार तर आमच्या घरासारखेच. एक म्हणणार द्या, एक म्हणणार बघा.

आता मला वाटलं होतं की गोष्ट सोपी आहे. तोंडी शब्द कच्चा, कागद पक्का. विषय संपला. पण मग मला एक दुसरं प्रकरण आठवलं, आणि गाडी पुण्याकडे वळली.

ऑगस्ट १८९७. पुण्यात प्लेगचं ते भयंकर वर्ष. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली २७ जुलैला अटक झालेली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला. टिळक पुण्यात परतले तर त्यांचे स्नेही बाबा महाराज, म्हणजे पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, पटकीनं अंथरुणाला खिळलेले. ७ ऑगस्टला मृत्युपत्र झालं, आणि त्याच दिवशी बाबा महाराज गेले.

लक्षात घ्या, हे पुणं आहे आणि साल आहे १८९७. म्हणजे कायद्यानं कागदाची गरजच नव्हती. नुसतं बोलले असते तरी चाललं असतं. तरी त्यांनी कागद केला. आणि साधासुधा नाही. त्यांची पत्नी ताई महाराज तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची, गरोदर. मुलगा झाला आणि जगला नाही, किंवा मुलगा झालाच नाही, तर विश्वस्तांच्या संमतीनं दत्तक घ्यावा आणि तो मोठा होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार बघावा, अशी तरतूद. विश्वस्तांत टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, पुण्याचे नागपूरकर होते.

आता पुढे काय झालं बघा. सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. जानेवारी १८९८ मध्ये ताई महाराजांना मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. टिळक तेव्हा तुरुंगात. सुटून आल्यावर त्यांनी कर्जात बुडालेल्या इस्टेटीचा खर्च आवळायला सुरुवात केली, आणि कुरबुरी वाढल्या. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जाऊन पंडित घराण्याच्याच तिकडच्या शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचं टिळकांच्या बाजूचं म्हणणं. ताई महाराजांचं म्हणणं, असं दत्तक झालंच नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. झालं, एका इस्टेटीला दोन दत्तक.

तिथून जे सुरू झालं ते वाचताना दम लागतो. १९०२ मध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी मृत्युपत्राचं प्रोबेट रद्द केलं आणि उलट टिळकांवरच फौजदारी खटल्याची शिफारस केली. १९०३ मध्ये टिळकांना खोट्या शपथेच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टानं ती पूर्ण रद्द केली. दिवाणी दावा वेगळाच चालू. १९०६ मध्ये खालच्या कोर्टात टिळकांच्या बाजूनं निकाल. १९१० मध्ये हायकोर्टात विरुद्ध, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात. शेवटी २६ मार्च १९१५ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं औरंगाबादचं दत्तक ग्राह्य धरलं.

१८९७ ते १९१५. अठरा वर्षं. कागद होता, सही होती, विश्वस्तांत देशातला एक अत्यंत हुशार कायदेपंडित होता. तरी अठरा वर्षं.

आपण हे प्रकरण शाळेत ऐकतो ते टिळकांच्या बाजूनं. मित्राला दिलेल्या शब्दासाठी माणूस किती झिजला, ही ती गोष्ट, आणि ती खरीच आहे. पण या वेळी वाचताना माझं लक्ष सारखं दुसरीकडे जात होतं. त्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे. त्या मृत्युपत्रात नवऱ्याची इच्छा होती, घराण्याचं नाव होतं, विश्वस्तांची जबाबदारी होती. ज्या बाईच्या मांडीवर ते मूल बसणार होतं, तिला काय हवंय हे कुणी कधी विचारलं होतं का? तिनं पुढे जे केलं ते बरोबर की चूक, ते कोर्टानं ठरवलं. पण कागदात तिचं मन कुठेच नव्हतं. मला वाटतं, त्या कागदातली खरी भेग ती होती.

आणि इथे मला माझी आत्या आठवली.

तिच्याकडे येण्याआधी थोडी आपल्या भागाची पार्श्वभूमी, कारण नेरुळ-खारघरमध्ये भाड्यानं राहणाऱ्या अनेकांना ती माहीत नसते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीकिनारा. आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्रांचा मोबदल्यासाठीचा लढा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे, १९९० च्या दशकात, साडेबारा टक्के योजना आकाराला आली. म्हणजे संपादन झालेल्या जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला परत. त्यातला काही भाग पुन्हा सार्वजनिक सुविधांसाठी कापला जातो, पण तत्त्व हे.

आता विचार करा. जी भातखाचरं वर्षाला घरापुरता तांदूळ द्यायची, त्यांच्या जागी अचानक कोट्यवधींचा भूखंड. आणि जमीन घेतली गेली तेव्हापासून भूखंड हातात पडेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं मध्ये गेलेली. मूळ मालक गेलेला. मग प्रश्न येतो, वारस कोण? पाहिजे वारस दाखला, पाहिजेत सगळ्यांच्या सह्या. आणि तेव्हा गावोगावच्या बहिणींना अचानक माहेराहून बोलावणं आलं.

माझ्या आत्यालाही आलं. मी बारा वर्षांची होते. तिला गाडीनं आणलं, जेवायला वाल आणि सुकट होती, आणि मग सगळे मिळून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले. तिनं हक्कसोड पत्रावर सही केली. परतताना बाबांनी आणि काकांनी तिला एक भारीतली साडी घेतली. जांभळी, काठाची. ती मला फार आवडली होती, म्हणून ती आठवण पक्की आहे.

यावर्षी हा भाग लिहायला घेतला तेव्हा कायद्याचा नीट अभ्यास केला, आणि मग जे लक्षात आलं ते मी त्या संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. आजोबा ‘द्या’ म्हणाले की ‘बघा’, यानं कायद्यात काडीचाही फरक पडत नव्हता. १९९८ साल म्हणजे तोंडी मृत्युपत्राची सोय संपून ७१ वर्षं झालेली. पण उलटंही तितकंच खरं. आजोबा एक शब्दही न बोलता गेले असते, तरी आत्याचा वाटा होताच. १९५६ च्या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या हिश्शाला मुलगी मुलाइतकीच वारस. तिला तो वाटा मिळायला आजोबांच्या शेवटच्या शब्दाची गरजच नव्हती.

म्हणजे आमचं घर इतकी वर्षं चुकीच्या शब्दावर अडलं होतं. तिचा हक्क आजोबांच्या बोलण्यातून आला नव्हता, आणि तो गेलाही त्यांच्या बोलण्यामुळे नाही. तो गेला तिच्या स्वतःच्या सहीनं. जो शब्द सगळ्यांनी जपला त्याला कायद्यात किंमत शून्य. जो कागद कुणी तिला धड वाचूनही दाखवला नाही, त्याची किंमत सगळी.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तेव्हा सगळेच तसं करत होते.’ हे खरं आहे. आणि हेच तर वाईट आहे.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं, कारण मला माहितीये कमेंटमध्ये हेच विचारणार.

सिनेमात मरणारा माणूस शेवटचं बोलतो आणि सगळे मान डोलावतात, ते कुठे चालतं? मृत्युपूर्व जबानी फौजदारी खटल्यात चालते, पण ती त्याच्या मरणाच्या कारणाबद्दल असेल तर. ‘मला अमक्यानं मारलं’ हे कोर्ट ऐकतं. ‘माझं घर अमक्याला द्या’ हे त्यानं ठरत नाही. तोंडी मृत्युपत्राची सोय आज कुणाला? मोहिमेवर असलेल्या सैनिकाला आणि समुद्रावर असलेल्या खलाशाला, दोन साक्षीदारांसमोर. तो जिवंत परतला तर ती सवलत संपल्यापासून महिन्याभरात ते रद्द होतं. मुस्लिम कायद्यातही तोंडी वसियत चालते, पण कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशपर्यंतच. त्यापुढे वारसांची संमती लागते. आणि ‘आमच्यात तोंडी वाटप झालंय’ असं म्हणून मुलींना बाजूला ठेवणाऱ्यांसाठी, सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलंय की मुलीच्या हक्काविरुद्ध नुसतं तोंडी वाटपाचं म्हणणं सहजासहजी मानता येणार नाही. त्याला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागेल, आणि तेही अपवाद म्हणूनच.

बाकी आपल्यासारख्यांसाठी मृत्युपत्र करणं अवघड नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. करणाऱ्याची सही आणि ती सही बघितलेले दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्यांना वाटा मिळणार ते साक्षीदार नसलेले बरे. फोनवर व्हिडिओ काढा हवं तर, पण व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. तो फक्त सोबतीला.

आणि माझ्याकडून एक कलम, जे कुठल्या कायद्यात नाही. कागद करण्याआधी ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांना विचारा. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. बाबा महाराजांच्या कागदात तेवढंच राहून गेलं होतं.

आता शेवट. गेल्या महिन्यात मी आत्याकडे गेले. तिला सगळं सांगितलं, १९२७ पासून. तिनं शांतपणे ऐकलं. मी विचारलं, ‘आत्या, आजोबा काय म्हणाले असतील असं तुला वाटतं?’

ती म्हणाली, ‘मना काय म्हाईत? मी नव्हते ना तिथं.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पन तुजे बाबाला एकदा तरी मला इचारावसा वाटला पायजे होता, की तुला काय पायजे. मी कदाचित नकोच बोलले असते.’

मी हे घरी येऊन बाबांना सांगितलं. जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता. निदान या वेळी तरी शब्द बदलायला नको म्हणून मी तिच्या परवानगीनं रेकॉर्डच केलं होतं.

बाबांनी मृत्युपत्र केलंय. मी आणि माझा भाऊ समान. आणि त्यांच्या हिश्शातल्या दुकानगाळ्याचं भाडं हयातभर आत्याला. त्याआधी ते स्वतः तिच्याकडे गेले, विचारायला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही. काकांना कळलंय. ते अजून काही बोललेले नाहीत. गणपती पुढच्या महिन्यात आहेत, सगळे येतीलच.

आत्याचा मात्र काल फोन आला होता. म्हणाली, ‘ती जांभली साडी अजून हाय माजेजवल. तुला पायजे का?’

मी हो म्हटलं.

तुमच्या घरात असा एखादा शब्द अडकलेला असेल तर ज्यांना आठवतो त्यांना अजून विचारता येतंय तोवर विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.